"बिल पाहिजे तर अठरा टक्के वर" : गेमिंग पीसीच्या नावाखाली आपल्या घरातला पैसा कसा जातो, त्याची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात दहावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी असेल आणि "बाबा, गेमिंग पीसी घ्यायचाय" हे वाक्य कानावर पडलं असेल, तर शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरी अजून पडलेलं नाही, त्यांच्याही पडेल.

आधी घरचीच गोष्ट. माझी ताई बोरीवलीतच राहते, पोळीभाजीचे डबे करते. भाचा बारावी झाला. २०२५ च्या जूनमध्ये निकालानंतर त्याला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय म्हणाला आणि खरं सांगायचं तर गेमही खेळायचे होते. त्यात काही चूक नाही. आम्ही त्याच्या वयात व्हिडिओ पार्लरात पैसे घालवलेच की. ताईने आरडी मोडली. मला विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण मामा कायम "बघू, बघू" म्हणतो असा माझा लौकिक आहे. माय-लेक दोघंच दुकानात गेले.

दुकानाचं नाव घेत नाही. दुकान बोरीवलीतलं की बाहेरचं, तेही सांगत नाही. कारण मुद्दा एका दुकानाचा नाहीच.

हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली: "आय७ गेमिंग पीसी. १६ जीबी रॅम. ५१२ एसएसडी. ४ जीबी ग्राफिक कार्ड. ६०० वॅट एसएमपीएस. आरजीबी कॅबिनेट. ३८,०००." ताईने बिल मागितलं. उत्तर आलं, "बिल चाहिए तो अठरा टका एक्स्ट्रा, भाभी. वॉरंटी मैं देता हूँ ना." ३८ हजारांवर १८ टक्के म्हणजे ६,८४० रुपये. ताईच्या हिशोबात ते कित्येक डब्यांचे पैसे. तिने वाचवले. सगळे रोख दिले.

घरी आल्यावर चारी बाजूंनी इंद्रधनुष्य. शेजारपाजारचे बघायला आले. आठवड्याभरात भाच्याचा फोन, "मामा, व्हॅलोरंट सुरूच होत नाहीये, काहीतरी सिक्युअर बूट मागतंय." दुकानदाराने विंडोज ११ काढून विंडोज १० टाकून दिलं. तिथेच मला कळायला हवं होतं. नाही कळलं. ऑक्टोबरमध्ये स्क्रीन काळी झाली. दिवे मात्र छान लागत होते.

मग मी कॅबिनेट उघडलं.

आत "आय७" होता, खोटं नाही. पण तो आय७-३७७०, २०१२ साली बाजारात आलेला. बहुतेक कुठल्यातरी ऑफिसातून भंगारात निघालेला, नव्या दिसणाऱ्या स्वस्त बोर्डावर बसवलेला. चार कोअर, आठ थ्रेड. आणि २०२२ च्या जानेवारीत आलेला इंटेलचा साधा आय३-१२१००एफ, त्यालाही चार कोअर, आठ थ्रेडच. फरक इतकाच, की तो "आय३" या आय७ ला गेममध्ये सहज मागे टाकतो. आय३, आय५, आय७ हे त्या-त्या वर्षाच्या वर्गातले नंबर आहेत. २०१२ च्या वर्गातला पहिला आला म्हणून तो आजच्या परीक्षेत पास होईलच असं नाही. पण चिठ्ठीवर "आय७" एवढंच लिहिलं, की आईवडिलांना वाटतं सगळ्यात वरचं मिळालं.

विंडोज ११ इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारतं, हा तिसऱ्या पिढीतला. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. म्हणून तो गेम अडला होता. आणि दुकानदाराने "फिक्स" म्हणून टाकलेल्या विंडोज १० चा मोफत सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पोराच्या हातात जूनमध्ये जी "नवी" मशीन दिली, तिचं आयुष्य चार महिन्यांचं होतं, हे विकणाऱ्याला त्याच दिवशी माहीत होतं.

कार्डाची कथा तर विचारू नका. वर स्टिकर जीटीएक्स १०५० टीआयचं. भाच्याने जूनमध्येच हौसेने जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. हे फुकटातलं छोटं सॉफ्टवेअर आहे. कार्डाच्या नावाच्या आधीच त्याने "फेक" असं स्पष्ट दाखवलं होतं. पोराला वाटलं सॉफ्टवेअरची गडबड आहे. २०१०-११ च्या सुमाराची जुनी कार्डं घ्यायची, त्यांच्या बायॉसमध्ये नवं नाव भरायचं, वर नवं स्टिकर लावायचं, हा उद्योग जगभर चालतो. त्या पिढीच्या कार्डांसाठी नवे गेम-ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०१८ मध्येच बंद केलं.

दुकानात गेलो. "बिल दाखवा." बिल नाही. "मग हा माल माझाच कशावरून?"

६,८४० रुपये वाचवले होते ना? ते असे गेले, आणि सोबत बाकीचेही घेऊन गेले.

आता माझं म्हणणं ऐका. "गेमिंग पीसी" नावाची कुठली वस्तू नसते. सात-आठ वेगवेगळ्या वस्तू असतात: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. प्रत्येकाला स्वतःचं पूर्ण नाव, मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि कंपनीची वॉरंटी असते. जो माणूस तुम्हाला हे सगळं एका नावात, एका आकड्यात आणि चार दिव्यांत गुंडाळून विकतो, तो नाव लपवायला पैसे घेतोय. जे कागदावर पूर्ण नावाने लिहिलेलं नाही, ते तुम्ही विकत घेतलेलंच नाही. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा, बाकी पोस्ट विसरलात तरी चालेल.

अर्धं नाव लिहिल्याने काय होतं, त्याची उदाहरणं देतो. सगळी अस्सल कंपन्यांच्या अस्सल मालाची, बनावट मालाची नव्हे.

"आरटीएक्स ३०५०" असं कोटेशनवर लिहिलंय. कुठलं? २०२२ मध्ये आलेलं ८ जीबीचं, की २०२४ मध्ये त्याच नावाने आलेलं ६ जीबीचं? फरक फक्त २ जीबीचा नाही. पहिल्यात २५६० कोअर, दुसऱ्यात २३०४. पहिलं १३० वॅटचं, दुसरं ७० वॅटचं. नाव तेच, कार्ड वेगळं. "जीटी १०३०" चं तर त्याहून वाईट. डीडीआर४ मेमरी लावलेलं याच नावाचं कार्ड डेटा वाहून नेण्यात मूळ जीडीडीआर५ वाल्याच्या साधारण एक तृतीयांश आहे. खोक्यावर नाव तेच. ही फसवेगिरी लॅमिंग्टन रोडची नाही बरं का, ती थेट अमेरिकेतल्या कंपनीची. तेव्हा फक्त आपल्याकडच्या दुकानदाराला शिव्या घालून भागणार नाही.

"५१२ एसएसडी." साटा की एनव्हीएमई? पहिली सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, दुसरी चांगल्या मॉडेलमध्ये ३,००० च्या पुढे जाते.

"१६ जीबी रॅम." एक १६ ची पट्टी की ८-८ च्या दोन? दोन लावल्या तर प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात. वेगळं कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिकवर खेळणार असाल तर हा फरक डोळ्याला दिसतो.

"६०० वॅट एसएमपीएस." आकडा कोणीही छापतो. कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, ८० प्लस प्रमाणपत्र आहे का, वॉरंटी किती वर्षं? ८० प्लस म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचा दाखला, सुरक्षेचा नव्हे. पण ज्याच्यावर तेवढंही नाही, त्याबद्दल काय बोलायचं? कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस हा सगळ्यात महागडा पार्ट आहे, कारण तो जाताना एकटा जात नाही. आपल्याकडच्या जुन्या बिल्डिंगांत अर्थिंगची काय अवस्था असते ते वेगळं सांगायला नको. कार्डावर ३० हजार घालणारे लोक इथे दीड हजार वाचवतात आणि ते दीड हजार पुढे काचेवर आणि दिव्यांवर घालतात!

काचेवरून आठवलं. समोरून बंद काच असलेलं कॅबिनेट बोरीवलीच्या मे महिन्यात, एका बेडरूमच्या घरात, एसी नसताना, म्हणजे स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवलेली गरम पोळी. समोर जाळी असलेलं घ्या, हवा खेळू द्या. दिवे लागले नाहीत तरी गेम चालतो.

निवडीचा क्रमही उलटा चाललाय. लोक कॅबिनेटपासून सुरुवात करतात. सुरुवात व्हायला हवी ती "खेळणार काय आणि बघणार कशावर" इथून. घरात ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर असेल आणि तोच ठेवायचा असेल, तर दीडशे फ्रेम काढणाऱ्या कार्डाचा उपयोग तुमच्या डोळ्यांना नाही, दुकानदाराच्या गल्ल्याला आहे. व्हॅलोरंट, सीएससारखे हलके गेम असतील तर गरज एक, नवे मोठे गेम असतील तर गरज दुसरी. दुसऱ्या प्रकारात मॉनिटर सोडून उरलेल्या बजेटचा साधारण ४० टक्के भाग कार्डाला, मग प्रोसेसर, मग न कुरकुरता चांगला एसएमपीएस. उरलं तर दिवे. नाही उरलं तर गणपतीची माळ आहेच घरात.

आता "पण" वाल्यांकडे येतो.

पहिला पण: "बिल घेऊन सरकारला १८ टक्के कशाला द्यायचे?" राग मला मान्य आहे. सोन्यावर ३ टक्के आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांवरचे टीव्ही २८ वरून १८ वर आले, "बचत उत्सव" झाला. कॉम्प्युटरचे पार्ट आधीही १८ आणि नंतरही १८. डिजिटल इंडियाच्या घोषणा करायच्या आणि शिकणाऱ्या पोराच्या प्रोसेसरला एसीच्या रांगेत बसवायचं, हे चुकीचंच आहे. आमदार-खासदार मतं मागायला आले की हे विचारा. पण त्या रागाचा फायदा कोणाला होतोय तेही बघा. बिल न घेता सरकारचं जे नुकसान व्हायचं ते होतं, पण तुमचा हक्क शंभर टक्के जातो. आणि तो माल खरंच १८ टक्के स्वस्त होता हे तुम्हाला कोणी सांगितलं? विकणाऱ्यानेच ना?

आणि एक. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराने २०० रुपयांच्या वरच्या विक्रीला बिल देणं कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही मागा किंवा न मागा. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "अनुचित व्यापार प्रथा" म्हणून लिहिलेली गोष्ट आहे. म्हणजे "बिल पाहिजे तर वर पैसे" ही सवलत नाही. तुमचाच हक्क तुम्हाला परत विकणं आहे.

दुसरा पण: "दुकानदाराचंही पोट आहे, ऑनलाइनने धंदा मारलाय." खरं आहे. पार्टांवर मार्जिन कमी असतं. आपण दुकानात तासभर बसून माहिती काढतो आणि मोबाइलवर दर दाखवून शंभर रुपयांसाठी उठून जातो. जो प्रामाणिक आहे त्याची मेहनत आपणच फुकट घेतो, आणि मग "सबसे सस्ता" म्हणणाऱ्याकडे जातो. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आपल्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, पूर्ण मॉडेल नंबर लिहून, सीरियल नंबरासकट पक्कं बिल देणारी दुकानं आहेत. बोरीवलीतही आहेत. लोकलने ग्रँट रोडपर्यंत जाऊन पाचशे वाचवण्यापेक्षा, कार्ड बिघडल्यावर चालत जाता येईल असा जवळचा दुकानदार पाचशे जास्त घेत असेल तर खुशाल द्या. जोडणीचे वेगळे पैसे मागितले तर तेही द्या, पण बिलात लिहून. माझं भांडण दुकानदारीशी नाही, लपवाछपवीशी आहे. आणि यात मराठी-गुजराती करू नका, चिठ्ठीवर अर्धं नाव लिहिणारे सगळ्या भाषांत भेटतात.

तिसरा पण, जो मला सगळ्यात जास्त चिडवतो: "गेमिंगच ना? पोरांचे नसते लाड. जुगार सगळा." अहो, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे. त्यांच्यावर केंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी आणलीय. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता आहे. आणि ज्या मशीनवर गेम चालतो त्याच मशीनवर एडिटिंग, थ्रीडी, कोडिंग चालतं. "लाड" म्हणून आपण हात झटकतो, म्हणून पोरगा एकटा दुकानात जातो, म्हणून फसतो. लग्नाच्या साडीचा पोत बोटाने चाचपून बघणारी, भाजीवाल्याकडे एकेक टोमॅटो फिरवून घेणारी माणसं आपण. ३८ हजारांच्या वस्तूवर मात्र डोळे मिटून "तू बघ रे, मला नाही कळत त्यातलं" म्हणतो. कळायची गरजच नाही. वाचायची गरज आहे.

आपल्यापैकी किती घरं मुंबई ग्राहक पंचायतीचे सभासद आहेत! १९७५ पासूनची संस्था. यादी भरायची, गटाने माल घ्यायचा, वाटायचा, हिशोब ठेवायचा, हे आपल्या आयांनी वर्षानुवर्षं केलं. तूरडाळीची ग्राहक चळवळ ज्या घरांनी चालवली, त्याच घरांत ग्राफिक कार्ड बिनबिलाचं येतं, याची मला खरंच लाज वाटते.

तर करायचं काय? थोडक्यात.

कोटेशन लेखी घ्या, प्रत्येक पार्टाचं पूर्ण मॉडेल नाव लिहून. ते एक दिवस घरी आणा. "ऑफर आजच्यापुरतीच" म्हणणाऱ्याकडून उठा.

खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा. परदेशी मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क हवा, तसा नियमच आहे. ते स्टिकर नसेल तर माल आडवाटेने आलेला असू शकतो, आणि मग भारतात वॉरंटी मिळेलच असं नाही.

बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक बघा. १५ अक्षरांचा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून खरा आहे का ते मिनिटात कळतं. सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. शक्यतो यूपीआयने पैसे द्या, नोंद राहते.

घरी आल्यावर पहिल्या दिवशीच सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड चालवा, नावं बिलाशी ताडून बघा. आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा. हसू नका, महिनोन् महिने चुकीच्या जागी लावून "कार्ड स्लो आहे" म्हणणारे मी पाहिलेत.

फसलात तर गप्प बसू नका. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. उपनगराचा जिल्हा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. बिल नसलं तरी तक्रार करता येते. पण मग खरेदी सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. ताईकडे रोख दिल्याचा काही पुरावा नव्हता, एक हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर ना शिक्का ना सही.

हे आत्ताच का लिहितोय? कारण वेळ वाईट आलीय. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे दर दुपटीच्याही पुढे गेले. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तीन मोठ्या कंपन्यांना एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी विकण्यात जास्त पैसा आहे. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ ला जाहीर करून टाकलं, की क्रूशियल नावाने घरगुती ग्राहकांना रॅम-एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करतोय. नवा माल महाग झाला की जुना माल नव्याच्या खोक्यात येतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. "आय७ गेमिंग पीसी, स्वस्तात" च्या जाहिराती आता जास्त दिसतील. जुना माल विकण्यात पाप नाही. जुना म्हणून, तारखेसकट, बिलावर विका, आम्ही घेऊ.

भाच्याचं काय झालं? महागाईच्या ऐन काळात पुन्हा घ्यावं लागलं. या वेळी कार्ड घेतलंच नाही. रायझन ५ ५६००जी घेतला, प्रोसेसरमध्येच ग्राफिक आहे, सहा कोअर. ८-८ च्या दोन रॅम, एनव्हीएमई एसएसडी, जाळीचं साधं काळं कॅबिनेट. एसएमपीएस मात्र चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, म्हणजे पुढे पैसे जमले की कार्ड बसवता येईल. व्हॅलोरंट व्यवस्थित चालतं, एडिटिंगही चालतं. एकही दिवा नाही.

आणि दुकानात कोटेशन कोणी वाचलं माहितीये? ताईने. चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक अक्षर, जसं वाण्याच्या यादीतलं सामान तपासतात तसं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पण एका ठिकाणी ती थांबली, "ह्या लाइनीत नुसतं ५५० लिहिलंय, कंपनीचं नाव नाही." दुकानदाराने मुकाट्याने लिहून दिलं.

तुमच्याकडे असा अनुभव असेल तर कमेंटमध्ये लिहा. दुकानाचं नाव नको, फक्त चिठ्ठीवर काय लिहिलं होतं आणि आत काय निघालं ते लिहा. आणि पुढच्या आठवड्यात कोणी पोराला घेऊन कॉम्प्युटर घ्यायला निघणार असेल, तर त्याला ही पोस्ट आधी पाठवा.